मुके वाद्य आणि न जुळणारी तेरीज

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, छत्तीसगडच्या सीमेला लागून भामरागड हे तालुक्याचे गाव आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम गावाच्या शेजारीच होतो. उन्हाळ्यात हा संगम पाहण्यासारखा असतो. पावसाळ्यात मात्र तोच संगम गावाची वाट अडवतो. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले की आलापल्लीकडे जाणारा सुमारे ६५ किलोमीटरचा रस्ता बंद होतो. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे १८० किलोमीटरवर, चंद्रपूर-नागपूर त्याहूनही दूर. २०१९ च्या पावसाळ्यात तर गावाची बाजारपेठच पाण्याखाली गेली होती. अशा दिवसांत वीज जाते, मोबाईलचे जाळे जाते आणि गावात जे आहे त्यावरच निभवावे लागते. दवाखान्यापासून किराण्यापर्यंत सर्वच बाबतींत हे खरे असते. घरातील बिघडलेल्या यंत्राच्या बाबतीत तर विशेषच.

या बाजारपेठेतील एका व्यापारी कुटुंबाचे घर डोळ्यांसमोर आणावे. घर कल्पनेतले आहे. नदी, पूर आणि अंतर मात्र खरे आहे. खाली दुकान, वर राहते घर. गावात जिनालय नाही. म्हणून पर्युषणात घरातील एका खोलीत प्रभूंची प्रतिमा मांडून भक्ती होते आणि शेजारची दोन-चार घरेही तेथेच जमतात. आजी स्तवने म्हणतात आणि त्यांच्या हाताखाली असतो एक डिजिटल ऑर्गन. पूर्वी या जागी लाकडी पेटी होती. तिच्या भात्याचे चामडे दरवर्षीच्या ओलाव्याने सुटू लागले, सूर उतरू लागले, तेव्हा मुलाने चंद्रपूरहून हे नवे वाद्य आणले. आजींनी ते प्रथम अनिच्छेने आणि नंतर आवडीने आपलेसे केले. प्रत्येक स्तवनासाठी कोणता स्वर, कोणता नाद, किती गती, हे सारे त्यांनी नातवाकडून वाद्याच्या स्मृतीत साठवून घेतले होते. काळी चारच्या पट्टीत गाणाऱ्या आजींना एक कळ दाबली की सर्व तयारी हाती येई.

पर्युषणाचा चौथा दिवस. दुसऱ्या दिवशी महावीर जन्मवाचन. सकाळी सुनेने खोली झाडून-पुसून घेतली, ऑर्गनवरची धूळ टिपली, आणि आजी सरावाला बसल्या. वाद्याचा दिवा लागला, पडद्यावर अक्षरे उमटली. पण पट्टी दाबली तर आवाज नाही. दुसरी दाबली, तिसरी दाबली, आवाज नाही. बाहेर पर्लकोटा पुलाच्या वर आलेली होती.

अशा वेळी घराघरांत जे होते तेच येथे झाले. प्रथम कारण शोधले गेले नाही, प्रथम दोषी शोधला गेला. आदल्या संध्याकाळी चौदा वर्षांचा नातू वाद्याशी बसून नवनवे ठेके लावून पाहत होता, हे सर्वांनी पाहिले होते. “नको ती बटणे दाबून ठेवलीस ना?” आजी म्हणाल्या. मुलगा काही बोलला नाही, उठून खाली दुकानात जाऊन बसला. दूर राहणाऱ्या मामांनी फोनवर सल्ला दिला की वाद्य मूळ स्थितीत आणून टाका, म्हणजे सगळे ठीक होईल. शेजाऱ्यांनी पेचकस आणला. कोणी म्हणाले, आता हे फेकून नवेच घ्यावे लागणार.

या तीन सल्ल्यांपैकी एकही त्या घटकेला योग्य नव्हता. मूळ स्थितीत आणण्याची क्रिया वाद्याची स्मृती पुसून टाकते. आजींनी दोन वर्षांत जमवलेली सर्व मांडणी त्यात गेली असती, आणि बिघाड जर तारेत किंवा जोडणीत असता तर आवाज तरीही आला नसता. पेचकसाने झाकण उघडणे हा सर्वांत शेवटचा उपाय आहे आणि तो बहुतेक घरांनी करायचाच नसतो. नवे घेणे हा तर उपायच नव्हे, ती हार मानणे आहे. शिवाय पूल पाण्याखाली असताना नवे आणणार कोठून?

दुकानाचे मालक, म्हणजे आजींचे पुत्र, वाद्यातले काही जाणत नव्हते. त्यांना हिशेब मात्र येत होता. वर्षअखेरीस तेरीज जुळली नाही तर जाणता मुनीम काय करतो? तो सगळ्या पावत्या जमिनीवर ओतत नाही. तो प्रथम फरकाचा आकडा पाहतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर कोठेतरी अंकांची उलटापालट झाली असावी, जसे ५४० च्या जागी ४५० लिहिले गेल्यास फरक ९० येतो. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्याची रक्कम एखाद्या खात्यात चुकीच्या बाजूला गेली आहे का, हे तो पाहतो. १,२०० चा फरक असेल तर ६०० ची नोंद शोधतो. एवढ्याने भागले नाही तर तो वही मधोमध दुमडतो. सहा महिन्यांची बेरीज जुळली तर चूक उरलेल्या सहा महिन्यांत आहे. मग त्याचेही दोन भाग. अशा रीतीने हजार नोंदींतील एक चूक दहा पायऱ्यांत सापडते. आणि शोध चालू असताना तो एकही आकडा खोडत नाही. कारण खोडलेल्या वहीत मूळ चूक कोणती आणि नवी कोणती, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

मुके झालेले वाद्य ही न जुळणारी तेरीजच असते. फरक एवढाच की येथे रकमेऐवजी नाद एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात असतो, आणि वाटेत कोठेतरी तो अडतो. म्हणून प्रथम ती वाट ठाऊक हवी.

लाकडी पेटीत वाट हवेची असते. भाता हवा भरतो, पट्टी दाबली की छिद्र उघडते, हवा पितळी जिभेला कापत बाहेर पडते आणि जीभ थरथरून सूर देते. एकच सूर मुका झाला तर त्या जिभेखाली कण अडकला आहे असे समजावे. सर्वच सूर मुके झाले तर भाता फाटला आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे स्वामित्व घेतले. पुढे हे वाद्य भारतात आले, जमिनीवर बसून हाताने भाता मारण्याजोगे झाले आणि देवघरांपर्यंत पोहोचले. त्याचेच थोरले भावंड म्हणजे पायाने भाता मारण्याचा ऑर्गन. मराठी संगीत रंगभूमीने त्याला इतके आपले केले की नाट्यपदाची साथ म्हटली की आजही जाणकारांना ऑर्गनचाच भरदार स्वर आठवतो. हार्मोनियमबरोबर ऑर्गनवरही हुकमत असलेले पंडित तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ती या परंपरेचीही ओळख होती.

डिजिटल ऑर्गनमध्ये हवा नाही, भाता नाही, जीभ नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतील अॅलन ऑर्गन कंपनीने संगणकाच्या तत्त्वावर चालणारा ऑर्गन विक्रीस आणला आणि तेव्हापासून नाद आकड्यांच्या रूपात साठवला जाऊ लागला. आजच्या घरगुती वाद्यात बहुधा प्रत्येक पट्टीखाली रबरी घुमट्या असतात आणि त्यांच्या पोटात कोळशाचे काळे ठिपके. पट्टी दाबताना एकापाठोपाठ एक असे दोन संपर्क होतात. त्या दोहोंमधील क्षणभराच्या अंतरावरून बोट हळू पडले की जोरात, हे वाद्याला कळते. ही वर्दी मुख्य पाटीवरील संगणकाकडे जाते. तो स्मृतीतून त्या सुराचे आकडे काढतो, आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर होते, ती लहर आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणातून ध्वनिवर्धकात जाते, तेथून हेडफोनच्या खोबणीला वळसा घालून कर्ण्याकडे, म्हणजे स्पीकरकडे पोहोचते. या सर्वांना वीज पुरवणारा ॲडॅप्टर भिंतीपाशी वेगळाच बसलेला असतो. मालाची गाडी गोदामातून निघून दुकानाच्या फळीवर येईपर्यंत जशी चार-पाच नाक्यांवरून जाते, तशीच ही वाट आहे. फळी रिकामी दिसली म्हणून गोदाम रिकामे आहे असे होत नाही.

पुत्राने दुकानातील एक कोरी वही घेतली, चंद्रपूरच्या वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना फोन लावला आणि जाळे पुन्हा जाण्याआधी जेवढे विचारता आले तेवढे विचारून लिहून घेतले. कारागिरांनी उपाय सांगण्याऐवजी चार प्रश्न सांगितले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तिचा परिणाम लिहायचा, परिणाम झाला नाही तर ती पूर्ववत करायची आणि मगच पुढच्या प्रश्नाकडे जायचे, एवढी अट घातली. सुज्ञ वाचकांच्या घरीही हे वाद्य असेल तर हे चार प्रश्न जपून ठेवण्यासारखे आहेत.

पहिला प्रश्न विजेचा. वाद्याचा दिवा लागतो का, पडदा उजळतो का? लागत नसेल तर बिघाड वाद्यात असण्यापूर्वी तो भिंतीतील खटक्यात, वायरीत किंवा ॲडॅप्टरमध्ये असण्याचा संभव अधिक. त्याच खटक्यात दुसरे उपकरण लावून पाहावे. ॲडॅप्टर बदलताना मात्र घाई नको. त्यावर लिहिलेला व्होल्टचा आकडा वाद्यावरील आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे, अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा अधिक असला पाहिजे, आणि टोकाच्या मध्यभागी धन आहे की ऋण हे दर्शविणारे छोटे चिन्हही सारखे असले पाहिजे. काही कंपन्यांच्या वाद्यांत मध्य धन असतो, काहींच्या ऋण. पिन बसली म्हणून ॲडॅप्टर चालला असे मानणे धोक्याचे आहे. काही वाद्ये वापर नसेल तर थोड्या वेळाने आपोआप बंद होतात, हेही विसरू नये. वाद्यात सेल घातलेले असतील तर ते काढून पाहावेत. पावसाळ्यात ते पाझरतात आणि त्यांची खार धातूच्या पट्ट्या खाऊन टाकते.

दुसरा प्रश्न मांडणीचा. आवाजाचे मुख्य बटण शून्यावर तर नाही? पायाने आवाज चढवण्याचे पेडल जोडलेले असेल तर ते वर राहिलेले किंवा त्याची पिन अर्धवट निघालेली तर नाही? अशा पेडलमुळे संपूर्ण वाद्य गप्प होऊ शकते. ते काढून पाहावे. ऑर्गनच्या नादांच्या पट्ट्या सर्वच आत ढकललेल्या असतील तर पट्टी दाबूनही काही वाजणार नाही, कारण कोणता नाद द्यायचा हेच वाद्याला सांगितलेले नसते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. १९८३ पासून वाद्यांना परस्परांशी आणि संगणकाशी बोलता यावे म्हणून मिडी नावाची एक सामायिक व्यवस्था रूढ झाली. तिच्या मांडणीत ‘लोकल’ नावाचा एक पर्याय असतो. तो बंद पडला तर पट्ट्यांची वर्दी बाहेर जाते, पण घरच्या नादयंत्राकडे जात नाही. वाद्य सुदृढ असूनही मुके वाटते. यासाठी सर्व स्मृती पुसण्याची गरज नसते, तो एक पर्याय पुन्हा सुरू केला की काम होते.

तिसरा प्रश्न वाट मधोमध कापणारा, म्हणून सर्वांत मोलाचा. बहुतेक वाद्यांत नमुन्याचे एखादे गीत साठवलेले असते. ते सुरू करावे. गीत ऐकू आले आणि पट्ट्या मात्र मुक्या राहिल्या, तर नाद निर्माण होणे, तो वाढणे आणि कर्ण्यातून बाहेर पडणे हे सारे ठीक आहे. दोष पट्ट्यांकडे किंवा त्यांच्या मांडणीकडे आहे. गीतही ऐकू आले नाही, तर दोष पुढच्या अर्ध्या वाटेवर आहे.

चौथा प्रश्न त्या उरलेल्या अर्ध्या वाटेचे पुन्हा दोन भाग करतो. हेडफोन लावावा. त्यात आवाज आला तर वाद्याचा मेंदू, स्मृती, पट्ट्या आणि आवाजाचे बटण ही सर्व साखळी बिनचूक आहे. अडथळा हेडफोनच्या खोबणीपासून कर्ण्यापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात आहे. हेडफोनमध्येही शांतताच असेल तर दोष त्याआधीचा, आणि तो बहुधा कारागिराचाच विषय. काही वाद्ये सुरू केल्यावर दोन-तीन क्षणांनी आत ‘टक्’ असा आवाज येतो. कर्ण्याला जपण्यासाठी ठेवलेला तो खटका असतो. नेहमी येणारा तो आवाज आता येत नसेल तर तेही वहीत लिहून ठेवावे. दूरच्या कारागिराला त्यावरून पुष्कळ कळते.

दुपारी वीज आली तेव्हा पुत्र वही घेऊन बसला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर: दिवा लागतो, पडदा स्वच्छ. दुसऱ्याचे: आवाजाचे बटण मधोमध, पेडल जोडलेले नाही, नादाच्या पट्ट्या नेहमीसारख्या, लोकल सुरू. तिसऱ्याचे: नमुन्याचे गीत सुरू होते, पडद्यावर पुढे सरकते, पण ऐकू येत नाही. चौथ्यासाठी हेडफोन शोधावा लागला. तो नेहमी वाद्यालाच लावलेला असे, आज तेथे नव्हता. सुनेला आठवले की सकाळी धूळ पुसताना त्यांनीच तो उपसून कपाटात ठेवला होता. हेडफोन आणला, लावला, आणि गीत स्पष्ट वाजू लागले. पट्टी दाबली तर काळी चारचा सूरही तितकाच स्वच्छ.

येथे वहीचा फायदा दिसून आला. आवाज गेलेला नव्हता. तो शेवटच्या नाक्यावर थांबलेला होता. आणि सकाळपासून त्या नाक्यावर एकच बदल घडला होता: महिनाभर आत असलेली हेडफोनची पिन बाहेर काढली गेली होती.

हेडफोनच्या खोबणीत धातूचे एक लवचिक पान असते. पिन आत गेली की ती पानाला बाजूला लोटते आणि कर्ण्याकडे जाणारी वाट तुटते. म्हणूनच हेडफोन लावला की खोलीत आवाज येत नाही. पिन काढली की पान परत आपल्या जागी येऊन वाट जोडते. पिन दिवसेंदिवस आतच राहिली तर पान वाकलेल्या स्थितीत राहते आणि त्याची उघडी टोके दमट हवेत काळवंडतात. तीन नद्यांच्या संगमावरची भाद्रपदातील हवा कशी असते हे वेगळे सांगायला नको. पुढे पिन काढली तरी पान जागेवर येऊन टेकत नाही, किंवा टेकले तरी मळाच्या पापुद्र्यामुळे वीज पुढे सरकत नाही. वाद्याला वाटत राहते की हेडफोन अजून लावलेलाच आहे.

उपाय घरात होण्याजोगा होता. वाद्य बंद केले, ॲडॅप्टर भिंतीतून काढला आणि कोरडी, स्वच्छ पिन खोबणीत पंधरा-वीस वेळा हळुवार आत-बाहेर केली, म्हणजे घासण्याने पानावरचा पापुद्रा सुटावा. तेल, अत्तर, घरातील कोणताही फवारा यांपैकी काही आत सोडले नाही. मग वाद्य सुरू केले. प्रथम खरखर आली, ती थांबली, पुन्हा आली, आणि तिच्यामागून सूर बाहेर पडला. खोलीतील सर्वजण एकदम बोलू लागले. पुत्राने मात्र वहीत वेळ लिहिली आणि खाली एक ओळ जोडली: रस्ता सुरू झाल्यावर खोबण कारागिराकडून साफ करून घेणे, नाहीतर बदलून घेणे. कारण असा संपर्क एकदा सैलावला की घासण्याने मिळालेला आराम टिकेलच असे नसते. तात्पुरती जुळलेली तेरीज आणि खरोखर जुळलेली तेरीज यांतला भेद व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट त्या दुपारी दिसली. सेलच्या कप्प्याचे झाकण उघडले तेव्हा आत लाल मुंग्यांनी बिऱ्हाड केले होते. पावसाळ्यात कोरडी, उबदार जागा शोधत मुंग्या, झुरळे, कधी पालही अशा यंत्रांत शिरतात आणि त्यांच्यामुळे बिघाडही होतात. कीटकनाशकाचा फवारा येथे दोन्ही अर्थांनी वर्ज्य आहे. त्याने जीवहिंसा होते आणि त्यातील द्रव आतील जोडण्यांनाही अपाय करतो. सुनेने वाद्य बंद अवस्थेत उघड्या कप्प्यासह उन्हाच्या कवडशाजवळ, पण थेट उन्हात नव्हे, तिरके ठेवले. मुंग्या आपापल्या वाटेने निघून गेल्यावर कप्पा मऊ कुंचल्याने जयणापूर्वक झाडून घेतला. आपल्या घरांत पाणी गाळताना आणि धान्य निवडताना जी दृष्टी ठेवली जाते, तीच यंत्रे साफ करतानाही ठेवता येते, आणि त्यात यंत्राचेही भले होते.

हाच प्रसंग वेगळ्या रीतीने उलगडला असता तर? हेडफोनमध्येही आवाज नसता तर वही तेथेच मिटायला हवी होती. मोठ्या ऑर्गनमध्ये ॲडॅप्टर बाहेर नसून वीजपुरवठा पोटातच असतो. त्यातील संधारित्रांत, म्हणजे कपॅसिटरांत, वायर काढल्यानंतरही काही काळ विजेचा भार शिल्लक राहतो आणि तो जिवाला धोका करू शकतो. धाडस दाखवायची ती जागा नव्हे. तसेच वाद्यात पुराचे किंवा गळतीचे पाणी शिरले असेल तर ते चालू करून पाहण्याचा मोह टाळलाच पाहिजे. ओल्या पाटीत वीज सोडली की जे वाचले असते तेही जळते. पुराच्या पाण्यात गाळ असतो, म्हणून नुसते वाळवून भागत नाही आणि तांदळाच्या पोत्यात पुरून ठेवल्याने तर काहीच साधत नाही. सेल काढावेत, वाद्य कोरड्या खोलीत ठेवावे, रस्ता उघडला की ब्लँकेटमध्ये गुंडाळून कारागिराकडे पोहोचवावे, आणि सोबत ती वही द्यावी. कोणती चाचणी केली, काय ऐकले, काय बदलले, हे लिहिलेले मिळाले तर कारागिराचा निम्मा वेळ आणि धन्याचा निम्मा खर्च वाचतो.

दुरुस्ती की नवी खरेदी, हा प्रश्नही वहीवरूनच सुटतो. ॲडॅप्टर, पेडल, खोबण, आवाजाचे बटण, पट्ट्यांखालची रबरी घुमटी हे भाग स्वस्त असतात आणि बहुधा मिळतात. मुख्य पाटी जळली आणि वाद्य जुने असेल तर मात्र तिचा जोड मिळणे कठीण होते. नेमका बिघाड कळण्याआधी घेतलेला निर्णय हा अंदाजाचा सौदा होय. पाच रुपयांच्या पानासाठी संपूर्ण वाद्य भंगारात देणारी घरे थोडी नाहीत. तो खर्च केवळ पैशाचा नसतो. गरजेपेक्षा अधिक परिग्रह आणि वापरण्याजोग्या वस्तूचा त्याग, असे दोन दोष त्यात एकदम घडतात.

ओलाव्यापासून जपणुकीचे नियम साधे आहेत. वाद्य भिंतीला टेकवून ठेवू नये, मागे हवेला जागा असावी. झाकायचे ते सुती कापडाने. प्लास्टिकच्या आवरणात ओल कोंडते. पेटीत ठेवायचे असेल तर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत ठेवाव्यात. विजा चमकू लागल्या की ॲडॅप्टर भिंतीतून काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. हेडफोन वापरून झाला की पिन लगेच काढावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, वाद्य रोज थोडे तरी वाजवावे. न वापरलेल्या वाद्यातील संपर्क सर्वांत लवकर काळवंडतात.

त्या घरी पाचव्या दिवशी जन्मवाचन झाले. शेजारची घरे जमली, आजींनी स्तवने म्हटली. मात्र एक हिशेब अजून उरला होता.

हेडफोनची पिन महिनाभर खोबणीत का राहिली, हे वहीत लिहिलेले नव्हते, पण आजींना ठाऊक होते. श्रावणात आजोबा आजारी होते, त्यांना दुपारी झोप लागावी म्हणून आजींनीच नातवाला बजावले होते की यापुढे वाजवायचे ते कानाला लावून, आणि ते यंत्र लावलेलेच राहू दे, काढू नकोस. मुलाने ऐकले होते. आदल्या संध्याकाळच्या त्याच्या ठेक्यांचा या बिघाडाशी काडीचाही संबंध नव्हता. आजींची सूचना योग्य होती, नातवाचे पालन योग्य होते, सुनेचे धूळ पुसणेही योग्य होते. तीन योग्य गोष्टींच्या मधल्या सांध्यात, कोणीही न पाहिलेल्या जागी, ओलाव्याने आपले काम केले होते.

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणानंतर घरातील लहान मंडळी मोठ्यांपुढे क्षमा मागायला येतात, असा रिवाज आहे. त्या वर्षी नातू पुढे येण्यापूर्वीच आजी उठल्या, त्याच्यापुढे हात जोडले आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाल्या. मुलगा गडबडला. मग त्यानेही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पर्लकोटेचे पाणी पुलाखाली उतरले आणि पहिली गाडी आलापल्लीच्या दिशेने गेली. ऑर्गन खोलीतच होता. हेडफोन कपाटात होता, आणि वहीच्या शेवटच्या पानावर नातवाने आपल्या अक्षरात एक नोंद केली होती: पिन काढून ठेवणे, रोज.